बालकाची नाभी व पालकांचे कर्तव्य

(आपल्या ज्ञातिमंडळाच्या नाशिक येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चालकांनी मला या वर्षी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. सेवानिवृत्त शिक्षक म्हटला म्हणजे तो शिस्त, संस्कार अथवा मातृभाषा यांपैकी कशावर तरी बोलणार, अशी आपली समजूत असणे स्वाभाविक आहे. मी जेव्हा ‘बालकाची बेंबी’ हा विषय कळविला, तेव्हा चिटणीसांनी दोन वेळा विचारून खात्री करून घेतली. मी वैद्य नव्हे, डॉक्टर नव्हे. मॅट्रिक व त्यापुढे अध्यापनाची पदविका, एवढीच माझी विद्या. तथापि या विषयात माझ्या हातून आयुष्यात दोन चुका घडल्या आहेत. त्या आपल्या घरांत घडू नयेत, एवढ्याच हेतूने मी येथे उभा आहे. शास्त्राचा जो भाग सांगेन तो जाणत्या डॉक्टरांकडून समजावून घेतलेला व पुस्तकांतून पडताळलेला आहे. चुका मात्र माझ्या स्वतःच्या आहेत.

पहिली चूक १९८८ सालची. निफाड तालुक्यातील एका खेडेगावात मी त्या वेळी शिक्षक होतो. आमच्या थोरल्या चिरंजीवांचा जन्म तेथेच, घरी, गावच्या वृद्ध सुईणबाईंच्या हातून झाला. नाळ गळून पडली आणि तीन आठवड्यांच्या सुमारास मूल रडू लागले की त्याची बेंबी बोराएवढी वर येऊ लागली. महिनाभरात ती लिंबाएवढी दिसू लागली. आमच्या मातोश्रींनी तत्काळ निदान केले, “सुईणीने नाळ नीट बांधली नाही, म्हणून वारा शिरला.” ही गोष्ट पाणवठ्यावर गेली. ज्या बाईंनी निम्म्या गावाला या जगात आणले, त्यांना पुढे कोणी बोलावीनासे झाले. मी गावचा मास्तर, चार पुस्तके वाचलेला, हे सर्व पाहत होतो व गप्प बसलो होतो.

मातोश्रींनी उपायही केला. देवघरातील तांब्याचा ढबू पैसा फडक्यात गुंडाळून त्यांनी तो बेंबीवर घट्ट बांधला. दिवस श्रावणाचे, हवा दमट. पंधरा दिवसांनी पट्टीस दुर्गंधी येऊ लागली. सोडून पाहतो तो कातडी सोलवटलेली, खाली पू झालेला व मूल तापाने फणफणलेले. सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिले आणि मग मला जवळ बोलावून म्हणाले, “मास्तर, तुमचे बोट द्या.” माझ्या करंगळीचे टोक त्यांनी त्या फुगीर कातडीवर ठेवून हलकेच दाबले. आतले आतडे गुडगुड असा आवाज करीत पोटात गेले आणि बोटाच्या टोकाला एक गोल, टणक कडा लागली. ते म्हणाले, “हे दार आहे. ते आपण होऊन मिटत आले आहे. तुम्ही त्यात पाचर मारू नका.”

सज्जनहो, ते दार म्हणजे काय, हे समजले की पुढील सर्व गोष्टी आपोआप समजतात. म्हणून प्रथम पोटाच्या भिंतीची रचना थोडक्यात सांगतो.

आपल्या पोटाला पुढच्या बाजूने हाडाचे कवच नाही. छातीस बरगड्यांचा पिंजरा आहे, मस्तकास कवटी आहे. पोटाचे रक्षण केवळ स्नायूंच्या भिंतीवर सोपविलेले आहे. बाहेरून आत जाऊ लागलो तर प्रथम त्वचा, तिच्याखाली चरबीचा थर, मग स्नायू, त्यांच्या आत एक पातळ पटल व सर्वांच्या आत आतड्यांना वेढणारे गुळगुळीत उदरावरण, असे हे थर लागतात. दोन्ही कुशींत स्नायूंचे तीन थर एकावर एक आहेत. बाहेरच्या थराचे तंतू एका दिशेने तिरपे, मधल्याचे त्याच्या उलट दिशेने तिरपे आणि आतल्याचे आडवे. आपल्या जिल्ह्यात येवल्याच्या मागावर ज्याने पैठणी विणताना पाहिली असेल, त्याला उभ्या-आडव्या धाग्यांच्या गुंफणीने कापडास बळकटी कशी येते हे सांगावयास नको. येथे तर धाग्यांच्या तीन दिशा आहेत.

मध्यभागी, छातीच्या हाडापासून ओटीपर्यंत, स्नायूंचे दोन सरळ पट्टे शेजारी शेजारी उतरतात. कुशीतील तिन्ही थर पुढे येताना चपट्या, पांढऱ्या, चिवट पडद्यांचे रूप घेतात, या दोन पट्ट्यांभोवती म्यानासारखे गुंडाळले जातात आणि बरोबर मध्यावर उजव्या बाजूचे तंतू डाव्या बाजूच्या तंतूंत गुंफले जातात. या शिवणीस श्वेतरेषा म्हणतात. या शिवणीत निसर्गाने एक भोक मुद्दाम राखून ठेवलेले असते. तेच नाभीचे कडे.

ते कशासाठी, हे तर आपण सर्व जाणतो. गर्भाचे पोषण याच वाटेने होते. नाळेतून तीन रक्तवाहिन्या जातात. एक शीर मातेकडून शुद्ध रक्त आत आणते व दोन धमन्या गर्भाकडून अशुद्ध रक्त वारेकडे नेतात. परंतु याहूनही नवलाची एक गोष्ट मला उतारवयात कळली. गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास आतडी इतक्या वेगाने वाढतात की इवल्याशा पोटात त्यांना जागा पुरत नाही. ती नाळेच्या मुळाशी बाहेर येतात, तेथेच वाढतात, वळसा घेतात व दहाव्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा पोटात परततात. म्हणजे या मंडपातील प्रत्येकाची आतडी एके काळी बेंबीबाहेर होती! ज्याला आपण व्यंग म्हणून लपवितो, ती आपल्या सर्वांच्याच घडणीतील एक पायरी होय.

जन्मानंतर नाळ बांधली जाते. तिन्ही रक्तवाहिन्या आतून बुजून दोरीसारख्या होतात, कड्याभोवतीचे तंतू आकसतात आणि दार मिटते. कड्याच्या खालच्या अर्ध्या भागात दोन धमन्यांच्या व मूत्राशयाकडून येणाऱ्या एका जुन्या नलिकेच्या अशा तीन दोऱ्या चिकटलेल्या असतात, म्हणून तो भाग भक्कम होतो. वरच्या अर्ध्या भागात केवळ शिरेची एक दोरी. पुष्कळांत ती कड्यावरून उतरून खालच्या काठास चिकटते व दारास आडणा घातल्याचे काम करते. ती तशी नसली अथवा आतील पटल विरळ राहिले, तर वरचा भाग कच्चा राहतो. मूल रडले, खोकले, कुंथले की पोटातील दाब वाढतो व उदरावरणाची लहानशी पिशवी त्या कच्च्या जागेतून त्वचेखाली येते. यालाच नाभीचा अंतर्गळ अथवा हर्निया म्हणतात.

यावरून तीन गोष्टी ध्यानी येतील. पहिली ही की रडण्याने हा विकार होत नाही, रडण्याने तो केवळ दिसतो. ‘आईने मुलाला रडू दिले’ हा सुनेवरचा आरोप खोटा आहे. दुसरी ही की नाळ कोठे कापली, कशी बांधली, यावर हे अवलंबून नाही. कडे हे पोटाच्या भिंतीत असते आणि सुईणीचा दोरा बाहेर नाळेवर असतो. तिसरी ही की फुगा केवढा दिसतो यावरून दार केवढे आहे ते कळत नाही. कातडी सैल असली की लहानशा कड्यातूनही लिंबाएवढा फुगा येतो. डॉक्टर फुग्याकडे पाहत नाहीत, ते बोटाने कडे मोजतात.

आपल्या पूर्वजांना हा विकार अज्ञात नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानात नाभीपासून आठ अंगुळे अंतर राखून नाळ कापण्याचा विधी दिलेला आहे व ती नीट न कापल्यास नाभी वर येणे इत्यादी विकार होतात असेही सांगितले आहे. त्या काळी इतके सूक्ष्म निरीक्षण केले याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु कारणाविषयीचे त्यांचे अनुमान आजच्या ज्ञानाने दुरुस्त झाले आहे. ते दुरुस्त करून घेण्यात पूर्वजांचा अवमान नाही. नाळेच्या स्वच्छतेविषयीचा त्यांचा आग्रह मात्र आजही खरा आहे. नाळेवर राख, शेण, तेल, हळद असे काहीही लावू नये, ती कोरडी व स्वच्छ ठेवावी. अस्वच्छ नाळेतून होणाऱ्या धनुर्वाताने या देशात असंख्य बालके गेली. स्वच्छ बाळंतपण व मातांना दिलेली लस यांमुळे तो रोग इतका हटला की २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातून नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य केले.

हा विकार किती आढळतो? शंभर नवजात बालकांपैकी सुमारे १० ते २० जणांत, असे ग्रंथ सांगतात. दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या, कमी वजनाच्या बालकांत तर तो फारच अधिक. पैकी बहुतेकांचे कडे चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत आपण होऊन मिटते. कडे एक सेंटिमीटरहून लहान असेल तर मिटण्याची शक्यता पुष्कळच. दीड-दोन सेंटिमीटरहून मोठे असेल तर ती कमी. आतडे त्यात अडकण्याचा प्रकार बालकांत क्वचितच घडतो. म्हणून डॉक्टर ‘थांबा’ म्हणतात, तेव्हा ते काही करीत नाहीत असे समजू नये. अशा बालकाच्या बाबतीत थांबणे हीच चिकित्सा असते.

मग पैसा बांधलेल्या मुलांच्या बेंब्या बऱ्या झाल्या, त्या कशा? ज्या शंभर मुलांना पैसा बांधला त्यांतील बहुतेक बरी झाली आणि ज्या शंभरांना बांधला नाही त्यांतीलही तितकीच. श्रेय मात्र पैशाला मिळाले. कडे मिटावयाचे ते काठाच्या तंतूंनी आकसून व सरळ स्नायूंचे पट्टे एकमेकांजवळ येऊन. वरून दाबलेली गुंडाळी जर कड्यात शिरली, तर ती काठांना एकमेकांपासून दूरच ठेवील. शिवाय पट्टीखाली घाम साचतो, कातडी कुजते व जखमेस निमित्त मिळते. काही डॉक्टर स्वतः तपासून विशिष्ट चिकटपट्टी लावतात, ती गोष्ट निराळी. ते आपल्या देवघरातील पैशाचे काम नव्हे.

येथे एक कटू गोष्ट सांगणे भाग आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातील चिखलदरा तालुक्यात अवघ्या २२ दिवसांच्या आजारी बालकाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे ६५ चटके दिल्याची वार्ता वर्तमानपत्रांत आली. तान्ह्याचे पोट फुगले की असे डागण्याच्या या प्रथेस तिकडे ‘डंबा’ म्हणतात. ती वाचून आपल्यातील अनेकांनी हळहळ व्यक्त केली आणि ‘अडाणी लोक’ असा शेराही मारला. अघोरी प्रथांविरुद्ध आपल्या राज्यात २०१३ पासून कायदा आहे व तो योग्यच आहे. परंतु ती वार्ता वाचताना मला माझ्या देवघरातील ढबू पैसा आठवला. त्या मातेला दवाखाना दूर होता. मला तो तीन कोसांवर होता व मी शिकलेला होतो. विळा व पैसा यांत क्रौर्याचे अंतर फार आहे, हे मान्य. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. बालकाचे दुःख पाहवत नाही व काहीतरी केल्यावाचून राहवत नाही. ही माया ज्ञानाच्या हाती दिली पाहिजे.

आता माझी दुसरी चूक. चिरंजीवांची बेंबी साडेतीन वर्षांचे असताना पूर्ण मिटली. त्यानंतर मी या विषयात स्वतःला पंडित समजू लागलो. ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन ‘काही करू नका, थांबा’ असा उपदेश करू लागलो. पुढे आम्ही पंचवटीत राहावयास आलो. २००३ साली शेजारच्या कुटुंबातील दोन महिन्यांच्या मुलाला जांघेत गाठ दिसू लागली. रडला की येई, निजला की जाई. त्या मातेने मला विचारले आणि मी मोठ्या अधिकाराने सांगितले, “हर्निया आहे. आपोआप जाईल. आमच्या मुलाचा गेला.” तिने माझ्यावर विश्वास ठेवला. तीन आठवड्यांनी एका रात्री ती गाठ दगडासारखी कठीण झाली, आत जाईना, मूल हिरवी ओकारी करू लागले. धावाधाव करून पहाटेपूर्वी शस्त्रक्रिया झाली. मूल वाचले, आज तो उमदा तरुण आहे. त्या कुटुंबाने मला कधी शब्दानेही दोष दिला नाही. परंतु रुग्णालयाच्या बाकावर काढलेली ती रात्र मी विसरलो नाही.

माझी चूक कोणती झाली? दोन्ही ठिकाणी शब्द एकच, ‘हर्निया’, पण दारे निराळी. मुलग्यांचे अंड गर्भावस्थेत पोटात तयार होते व जन्मापूर्वी जांघेतून खाली उतरते. त्याबरोबर उदरावरणाचा एक बोटासारखा पदर खाली येतो. तो बुजला नाही तर त्या अरुंद, तिरक्या वाटेने आतडे उतरते. नाभीच्या कड्याप्रमाणे आकसून मिटण्याची सोय तेथे नाही, आणि तान्ह्या वयात आतडे अडकण्याचा धोका मोठा. म्हणून नाभीचा अंतर्गळ थांबू शकतो, जांघेचा थांबू शकत नाही. आपण माझ्या व्याख्यानातील सर्व काही विसरलात तरी चालेल, हे एक वाक्य घरी घेऊन जा.

मुलींनाही जांघेचा अंतर्गळ होतो व त्यात कधी कधी अंडाशय उतरते, हे येथील मातांनी विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या समाजात मुलीच्या अंगावरील गाठ लपविण्याची वाईट खोड आहे. ‘उद्या स्थळे यावयाची, कशाला बोभाटा’ हा विचार तान्ह्या मुलीच्या बाबतीतही केला जातो. बेंबी मोठी म्हणून परकर वर नेसविणे हा उपाय नव्हे. मुलगी असो वा मुलगा, डॉक्टरांना दाखविण्यात लाज कसली?

नाभीच्या बाबतीतही थांबण्यास मर्यादा आहेत. त्या क्रमाने सांगतो. फुगा कठीण झाला, दुखू लागला, लाल-काळा पडला, आत जाईना अथवा मूल ओकू लागले, तर घटकाभरही न थांबता रुग्णालय गाठावे. चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत कडे मिटले नाही, अथवा ते फार मोठे असून लहान होत नसेल, तर शस्त्रक्रियेचा सल्ला घ्यावा. फुगा बेंबीत नसून तिच्या वर, श्वेतरेषेवर निराळा असेल, तर तो बहुधा आपोआप मिटत नाही, म्हणून तोही दाखवावा. बेंबी सतत ओली राहत असेल, तीतून लघवीसारखे अथवा मळासारखे काही येत असेल, तर तो निराळाच विकार होय. आणि बालक सुस्त असेल, जीभ मोठी दिसत असेल, बद्धकोष्ठ असेल, कावीळ लांबली असेल व त्यासोबत बेंबी फुगलेली असेल, तर गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची रक्ततपासणी त्वरित करून घ्यावी. ती ग्रंथी मंद असेल तर लवकर दिलेल्या औषधाने मुलाची बुद्धी वाचते. उशीर झाल्यास ती हानी भरून येत नाही. मोठ्या माणसांच्या बेंबीचा हर्निया मात्र आपोआप मिटत नाही. ‘मास्तर थांबा म्हणाले’ असे सांगून कोणी आजोबांनी घरी बसू नये.

शस्त्रक्रियेची भीती बाळगण्याचे कारण नाही. मुलाला भूल देऊन बेंबीच्या काठाशी चंद्रकोरीसारखा लहानसा छेद घेतात, पिशवी आत सारतात, कड्याचे दोन्ही काठ मजबूत टाक्यांनी एकत्र आणतात व बेंबीची कातडी आत टाचून तिला पूर्ववत खळगा देतात. बहुधा मूल त्याच दिवशी घरी येते. भारतात बालशल्यचिकित्सकांची संघटना १९६५ साली स्थापन झाली. तेव्हापासून बालकांची शस्त्रक्रिया हे स्वतंत्र शास्त्र म्हणून आपल्याकडे वाढले आहे. शक्य तेथे त्यातील जाणकारांचाच सल्ला घ्यावा.

आपल्या नाशिकला १९९८ पासून राज्याच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे ठाणे आहे. डॉक्टर व वैद्य घडविण्याचा कारभार येथून चालतो आणि त्याच गावात अजून बेंबीवर पैसा बांधला जातो, हे दिव्याखालच्या अंधारासारखे आहे. शाळांतून व अंगणवाड्यांतून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून मुलांची तपासणी करू लागली. अशी तपासणी असेल त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये व अंगावरील गाठ पथकापासून लपवू नये.

मंडळापुढे माझी एक नम्र सूचना आहे. आपण विद्यार्थ्यांना बक्षिसे देतो, वधू-वर मेळावे भरवितो, वृद्धांचे सत्कार करतो. वर्षातून एक दिवस बालकांच्या तपासणीसाठी ठेवावा. ज्ञातीतील डॉक्टर मंडळींनी त्या दिवशी दोन तास द्यावेत. नवी बाळंतीण झालेल्या प्रत्येक घरी मंडळातर्फे एक पत्रक जावे. त्यात तीन ओळी पुरेत : नाळेवर काही लावू नका, बेंबीवर काही बांधू नका, जांघेतील गाठ त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. याचा खर्च एका हारतुऱ्याहून अधिक येणार नाही.

शेवटी त्या सुईणबाईंविषयी. डॉक्टरांनी मला कडे दाखविले त्याच दिवशी मला कळले होते की त्या निर्दोष होत्या. गावात परतल्यावर चावडीवर उभे राहून तसे सांगणे माझे कर्तव्य होते. मातोश्रींना वाईट वाटेल म्हणून मी आज नाही, उद्या सांगू असे करीत राहिलो. चिरंजीवांची बेंबी मिटण्यापूर्वीच त्या बाई वारल्या. जे मी त्या गावात सांगावयास हवे होते ते इतक्या वर्षांनी आपणासमोर सांगत आहे. त्यांच्या हातून काहीही चुकले नव्हते.